मुंबईच्या पावसात बाइकची चेन: प्ले किती ठेवायचा आणि कसा

जून उजाडला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक आवाज वाढतो. सकाळी बाइक बाहेर काढताना मागच्या चाकापाशी ‘खर्र खट्, खर्र खट्’ ऐकू येतं. सैल पडलेली चेन कव्हरला घासते, त्याचा तो आवाज. गेल्या पावसाळ्यात बाजूच्या विंगमधला मुलगा, नुकताच डिलिव्हरीच्या कामाला लागलेला, पाना घेऊनच माझ्याकडे आला. “दादा, चेन लूज झालीय. एकदाच फुल टाइट करून टाकू ना? मग दोन महिने बघायला नको.”

मी आधी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. माझ्या पहिल्या बाइकची चेन एका गॅरेजमध्ये अशीच ताणून दिली होती. तेव्हा मला काही कळत नव्हतं. उलट गाडी कशी ‘कसलेली’ वाटते म्हणून बरंच वाटलं. दोन-तीन महिन्यांत पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) मागून ऑइल पाझरायला लागलं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल अडवणारं सील गेलं होतं, आणि चेनसुद्धा तिच्या वयाच्या मानाने फार लवकर संपली होती.

त्या मुलाला जे दाखवलं तेच इथे लिहितोय. गिअरची बाइक नवीन घेतली आहे आणि अजून चेनला हात लावलेला नाही, अशांसाठी हे आहे. स्कूटरवाल्यांना याची गरज नाही, नेहमीच्या पेट्रोल स्कूटरमध्ये चेनच्या जागी आत बंद असलेला बेल्ट असतो.

चेनला ढील का लागते

पतंग उडवलेल्या माणसाला हे चटकन कळेल. मांजा सतत ताणून धरला तर जोराच्या झोतात तुटतो, ढील द्यावीच लागते. बाइकच्या चेनला ताण देणारा झोत म्हणजे रस्त्यातला खड्डा.

मागचं चाक स्विंगआर्मवर बसलेलं असतं. फिटर त्याला चिमटा म्हणतात. हा चिमटा पुढे ज्या पिनवर वर-खाली हलतो ती पिन आणि चेनचं पुढचं स्प्रॉकेट एकाच जागी नसतात, स्प्रॉकेट थोडं पुढे असतं. त्यामुळे चाक वर-खाली झालं की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल (चाकाचा आस) हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की अंतर सर्वांत जास्त होतं आणि चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत चाक त्या रेषेच्या खाली लोंबत असतं. तुम्ही बसलात, मागे कुणी बसलं आणि गाडी खड्ड्यात आदळली, की चाक त्या रेषेकडे जातं. म्हणजे स्टँडवर जी चेन ‘मस्त टाइट’ वाटते, ती जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) खड्ड्यात तारेसारखी ताणली जाते. तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, सीलवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर बसतो.

अति ढिली चेनही तितकीच वाईट. ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल सोडला-धरला की गाडी झटके देते, चेन कव्हरवर आपटते, आणि फारच सैल असेल तर स्प्रॉकेटवरून उतरते. उतरलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन अडकली तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, मागे डंपर असताना, हे व्हायला नको.

तेव्हा चेनला ढील ठेवायची, पण मोजून. गॅरेजच्या भाषेत तिला ‘प्ले’ म्हणतात. किती प्ले ठेवायचा हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांवर चिमट्यावर किंवा चेन कव्हरवर स्टिकरही असतो. रोजच्या वापरातल्या 100 ते 150 सीसीच्या गाड्यांना हा आकडा साधारण 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास सापडेल, पण आपल्या गाडीचा आकडा आपणच बघायचा. मित्राच्या गाडीचा आपल्या गाडीला लावू नका. मोजताना गाडी डबल स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, हेही मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं, आणि त्याने आकड्यात फरक पडतो.

सामान

एक्सलच्या नटाला बसणारा रिंग पाना हवा. तो गाडीप्रमाणे 17, 19 किंवा 24 नंबरचा असतो. अ‍ॅडजस्टरसाठी (चाक मागे सरकवणाऱ्या स्क्रूसाठी) 10 किंवा 12 नंबरचे फिक्स पाने, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली दुपदरी पिन) असेल तर नोज प्लायर, स्टीलची पट्टी, केरोसीन, जुना टूथब्रश, सुती फडका आणि चेन ल्यूब. एक्सलच्या नटाला स्क्रू पाना अजिबात लावू नका. तो सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. चांगले पाने एकदाच घ्यायचे असतील तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारा. तिथे हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. पाना घेताना आपल्या गाडीचा नट कितीचा आहे हे आधी बघून जा.

गाडी सपाट जागी लावा. आमच्याकडे पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक हलतात, म्हणून मी स्टँडखाली एक जाड फळी सरकवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चावी काढून खिशात. चेन मोजताना, पुसताना, तेल लावताना चाक फक्त हाताने फिरवायचं. गाडी डबल स्टँडवर चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडका लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडक्याचं टोक स्प्रॉकेटच्या दातात गेलं की त्याच्यामागोमाग बोटं जातात. हात मागे ओढायला वेळच मिळत नाही. ही एक गोष्ट कुणीही, कितीही अनुभवी माणसाने करून दाखवली, तरी करू नका.

मोजायचं कसं

खालच्या बाजूची चेन, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांना पूर्ण बंद कव्हर असतं. त्याला खालच्या अंगाला एक रबरी बूच असतं, ते काढलं की बोट घालून चेन चाचपता येते. उघडी चेन असेल तर पट्टी उभी धरा, चेन बोटाने जितकी खाली जाईल तितकी दाबा आणि आकडा बघा, मग वर ढकलून पुन्हा बघा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे प्ले.

इथे नवे लोक चुकतात ते एका जागी मोजून थांबतात म्हणून. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडं थोडं हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. कुठेतरी प्ले सर्वांत कमी सापडेल, ती चेनची घट्ट जागा. प्ले तिथे बरोबर बसवायचा. सैल जागेवर बसवलात तर घट्ट जागा आली की चेन तारेसारखी ताणली जाणार. आणि घट्ट जागा व सैल जागा यांत फारच फरक निघाला तर अ‍ॅडजस्ट करत बसू नका, त्या चेनचं आयुष्य संपत आलं आहे.

मी आणखी एक गोष्ट बघतो. प्ले बसवून झाल्यावर गाडी खाली उतरवून दोन माणसांना बसवतो आणि वाकून चेन चाचपतो. वजन आल्यावरही चेन थोडी हललीच पाहिजे. रोज बायकोला किंवा मुलाला मागे बसवून स्टेशनपर्यंत सोडणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

चाक सरकवणं

प्ले मापात असेल तर हात लावू नका. उगाच सोडून पुन्हा कसण्यात काही शहाणपण नाही.

प्ले जास्त असेल तर आधी एक्सलचा नट सैल करा. नट पूर्ण काढायचा नाही, चाक पुढे-मागे सरकेल इतकाच ढिला करायचा. स्प्लिट पिन असेल तर ती आधी सरळ करून ओढून काढा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला एक्सल नटाशिवाय मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो. तो विसरला की चाक जागचं हलत नाही आणि माणूस अ‍ॅडजस्टरवर जोर करून त्याचे आटे घालवतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकच्या प्लेटला धरणाऱ्या आडव्या पट्टीचा नटही थोडा सैल करा.

मग दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरचे लॉक नट सोडा आणि अ‍ॅडजस्टरचा नट पाव-पाव फेऱ्याने कसा. डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा. पूर्ण फेऱ्याला चाक साधारण एक-सव्वा मिलिमीटर मागे सरकतं. हे फार वाटत नाही, पण चेनचा प्ले तेवढ्यात कित्येक मिलिमीटरने उतरतो. म्हणून घाई नको. दर वेळी दोन्ही बाजू सारख्या फिरवून पुन्हा मोजा. काही गाड्यांना स्क्रूऐवजी गोगलगायीच्या आकाराची कॅम असते, तिच्यावर खाचा असतात. दोन्ही बाजूंना सारख्याच नंबरची खाच ठेवायची.

चिमट्यावर दोन्हीकडे रेघांच्या खुणा असतात. दोन्ही बाजूंची खूण सारखी आली पाहिजे, नाहीतर चाक तिरकं बसतं. तिरक्या चाकाने चेन एका अंगाने झिजते, स्प्रॉकेटचे दात एका बाजूने घासून चकचकीत होतात, आणि गाडी ओल्या रस्त्यावर एका बाजूला ओढते. या खुणांवर मी मात्र पूर्ण विसंबत नाही, विशेषतः एकदा अपघात झालेल्या गाडीत. पट्टी किंवा दोरी घेऊन चिमट्याच्या पिनच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं की खरं काय ते कळतं.

चुकून जास्त कसलं गेलं तर अ‍ॅडजस्टर मागे घ्या आणि टायरवर मागून तळहाताने ठोसा मारून चाक पुढे ढकला. नुसता नट मागे घेतल्याने चाक आपोआप पुढे येत नाही.

आता कसायचं. चाक पुढे ढकलून अ‍ॅडजस्टरला टेकलेलं ठेवा आणि एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने कसा. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर कसून झाल्यावर जवळच्या गॅरेजमध्ये एकदा तपासून घ्या. स्लीव्ह नट सोडला असेल तर तो एक्सल नटाच्या आधी कसायचा. मग अ‍ॅडजस्टरचे लॉक नट, ब्रेकच्या पट्टीचा नट, आणि नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, वाकवून-सरळ करून ती आतून तुटायला आलेली असते. नवी पिन फार स्वस्त मिळते.

हे सगळं झाल्यावर प्ले पुन्हा मोजा. एक्सल कसताना चाक किंचित मागे-पुढे होतं आणि बरोबर बसवलेला प्ले बदललेला असतो. मला आजही दोनातून एकदा परत थोडं सोडून बसवावं लागतं.

ब्रेक विसरू नका

ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो. म्हणजे चेन कसली की ब्रेकही कसला जातो, आणि बरेच जण हे बघतच नाहीत. मग ब्रेक चाकाला घासत राहतो, ड्रम तापतो, गाडी जड चालते, मायलेज पडतं, आणि दोष बिचाऱ्या चेनला. ब्रेकच्या पेडलला पायाने हलकं दाबून बघा. मॅन्युअलमध्ये दिलेला मोकळा प्ले मिळेपर्यंत रॉडच्या टोकाचा नट सोडा. चाक हाताने फिरवून ते मोकळं फिरतंय ना हे बघा. पेडल दाबल्यावर मागचा दिवा लागतो आणि सोडल्यावर विझतो, हेही बघा. पावसात, संध्याकाळच्या गर्दीत, सतत पेटलेला ब्रेक लाइट मागच्याला फसवतो.

पाऊस, चिखल आणि खारं पाणी

मुंबईत चेनचं नुकसान जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतं. हिंदमाताला, गांधी मार्केटला, अंधेरी सबवेच्या आसपास साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की त्या पाण्यातली वाळू, सिमेंट आणि मेट्रोच्या कामांची बारीक माती चेनच्या सांध्यांत शिरते. चेन खरं तर ‘लांबत’ नाही, तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश घासून झिजतात. हिशेब साधा आहे. 110 कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांधा केसाच्या जाडीइतका, म्हणजे 0.05 मिलिमीटर, झिजला तरी चेन साडेपाच मिलिमीटरने वाढते. वाळू आणि पाणी मिळून ही झीज करतात. तेल तिला रोखतं.

मरीन ड्राइव्हला किंवा वरळी सी फेसला भरतीच्या लाटा अंगावर घेऊन आला असाल तर घरी आल्यावर आधी बादलीभर गोड्या पाण्याने चेन धुवा. खारं पाणी एका रात्रीत गंजाची लाल पूड उठवतं. वॉशिंग सेंटरवाल्याला मात्र प्रेशरचा फवारा चेनवर आणि चाकाच्या बेअरिंगवर मारू देऊ नका, त्याने आतलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत घुसतं.

साफ करायला केरोसीन आणि ब्रश. पेट्रोल नको, आणि चेन ओ-रिंगची असेल तर तारेचा ब्रशही नको, तिच्या रबरी कड्या फाटतात. फडक्याने कोरडी करून मग ल्यूब. स्प्रे खालच्या चेनच्या आतल्या अंगावर, म्हणजे स्प्रॉकेटला भिडणाऱ्या बाजूवर, चाक हाताने फिरवत मारा. चेन फिरते तेव्हा तेल आतून बाहेर फेकलं जातं आणि सांध्यांतून जातं. गाडी थोडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल चांगलं मुरतं. रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी वरचं जास्तीचं पुसून टाका. टायरवर थेंब उडाला असेल तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवा. स्प्रे परवडत नसेल तर 90 नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावलं तरी चालतं, पण ते उडतं, म्हणून कमी लावा.

जळकं इंजिन ऑइल चेनला लावायची सवय गॅरेजमध्ये आजही दिसते. मी त्याच्या विरोधात आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनमधला धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते, म्हणजे तेल म्हणून आपण पॉलिश पेपरच लावत असतो. वरून थापलेल्या ग्रीसचंही तेच. ते सांध्यात शिरत नाही, बाहेर राहून वाळू धरतं.

किती दिवसांनी? कोरड्या दिवसांत दर 500 किलोमीटरला बघावं आणि तेल द्यावं. ठाण्याहून अंधेरीला रोज जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर होतात, म्हणजे दहा दिवस. डिलिव्हरीवाला रोज 100 चालवत असेल तर पाच दिवस. पावसाळ्यात मी आकडा धरतच नाही. पाण्यातून गाडी काढली की त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल. दहा मिनिटांचं काम आहे.

बदलायची वेळ

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. चेन उचलली जाऊन अर्धा दात उघडा दिसला तर ती संपली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून माशाच्या परासारखे टोकदार झाले असतील, किंवा अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत पोचला असेल, तरीही तेच. नेमकं मोजायचं असेल तर चेन ताणून धरा आणि सलग 20 कड्या मोजा. रोजच्या गाड्यांत सर्रास असणाऱ्या 428 नंबरच्या चेनची एक कडी 12.7 मिलिमीटर, म्हणजे नव्या चेनमध्ये 20 कड्या 254 मिलिमीटर. हा आकडा 258 च्या पुढे गेला की मी बदलतो.

कडी काढून चेन लहान करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. झिजलेली चेन आखूड झाली तरी झिजलेलीच राहते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट एकदमच बदला, कारण जुन्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत खराब होते.

नवी चेन लॉकची, म्हणजे क्लिप लावून जोडायची, असेल तर बसवून झाल्यावर लॉकची क्लिप स्वतः बघा. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूची चेन पुढे धावते, म्हणून क्लिप वर असताना तिचं बंद तोंड हेडलाइटकडे, उघडं तोंड मागे. उलटी बसवली तर कव्हरला किंवा दगडाला अडकून निघते. चेन कव्हर आणि साडी गार्ड काढलं असेल तर पुन्हा बसवून घ्या. आवाज येतो म्हणून कव्हर काढूनच ठेवणारे आहेत, पण मागे बसलेल्या बाईची ओढणी किंवा पदर त्या उघड्या चेनमध्ये जायला एक झुळूक पुरते.

नवी चेन पहिल्या 300 ते 500 किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून तेवढं चालवल्यावर प्ले पुन्हा मोजा. त्या मुलाने त्याच्या मोबाइलमध्ये तारीख, किलोमीटर आणि प्ले अशी तीन आकड्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. आता पाना हातात घेण्याआधी तो पट्टी काढतो.